शून्य घनमीटर

तविराहून पाण्याचं बिल आलंय.
वापर: शून्य घनमीटर.
आकार: अकरा युरो आणि वर काही सेंट.
न सोडलेल्या नळाचेही पैसे पडतात,
हार्मेन असता तर म्हणाला असता,
आणि मग तासभर त्यावरच बोलत बसला असता.

बाहेर लेवार्डनचा जानेवारी.
कालव्यावर धड बर्फ नाही, धड पाणी नाही.
वहीच्या पानावर मधोमध रेघ मारलीय मी:
भाड्याने द्यावं. देऊ नये.

द्यावं, कारण छप्पर गळतं,
कारण कर भरायचा असतो, आणि या गुडघ्याने
विमानाच्या पायऱ्या होत नाहीत.
गेल्या वर्षी मी तिथे नऊ दिवस होते. नऊ.
त्यातले दोन दमट गाद्या उन्हात टाकण्यात गेले.

देऊ नये, याच्या खाली लिहायला घेतलं
तर कारणं सुचेनात, वस्तूच आठवत राहिल्या.
त्याची गवती टोपी, आतून घामाची पांढरी रेघ असलेली.
बारा किल्ल्यांचा जुडगा, ज्यातल्या दोनच कशाला तरी लागतात.
दगड झालेलं मीठ.
खिडक्यांचा तो निळा, जो त्याने चुकून आणला
आणि पोर्तुगीजमध्ये भांडता येईना
म्हणून तसाच फासून टाकला.

एजंट फोनवर लोण्यासारखा बोलतो.
आठवड्याला नऊशे, जुलैत तेराशे सहज.
भिंती पांढऱ्या करू, खासगी सामान हलवू,
दाराशी आकड्यांची पेटी लावू, किल्ली आपली आत.
मी विचारलं, मग देओलिंदा?
तो म्हणाला, कोण?

सोळा वर्षं किल्ली जिच्या एप्रनच्या खिशात आहे, ती.
दर पंधरवड्याला जाते, खिडक्या उघडते,
नळ थोडे वाहू देते,
नाहीतर पाइपांना पाण्याची सवय राहत नाही म्हणते.
मीटरच्या हिशेबात येत नाही इतकंच ते पाणी.
फ्रीज बंद असतो, दार मिटून आत कुबट होऊ नये
म्हणून फटीत लाकडी चमचा अडकवलेला.
तोही तिनेच.

काल तिच्याशी बोलले.
तिचं इंग्रजी, माझं पोर्तुगीज,
दोन्ही मिळून जेमतेम एक भाषा होते.
भाड्याबद्दल ती हो म्हणाली नाही, नको म्हणाली नाही.
म्हणाली, गल्लीत सात दारं, हिवाळ्यात दिवे दोन.
पावाची गाडी आता चौकातूनच परत फिरते.
शाळेत नव्या बाई आल्यात, बेनेदिता, पार ब्रागाहून,
गणित शिकवतात.
घर मिळतं, पण मे महिन्यापर्यंत.
मग पाहुणे येणार म्हणून बाहेर काढतात.
सध्या ट्रकवाल्यांच्या खानावळीवर खोली घेतलीय,
वह्या तपासताना तळणाचा धूर येतो.
मग म्हणाली, तुझं लिंबू यंदा वेड्यासारखं लागलंय,
आणि फोन ठेवला.

वहीत तिसरा रकाना नव्हता.

बाई देतील महिन्याला चारशे.
बारा महिने, वजा कर, वजा छप्पर.
जमत नाही. थोडक्यात जमत नाही.
हिल्के म्हणते, आई, वीक एकदाचं.
आणि जुलैत मला जावंसं वाटलं तर?
माझ्याच घरात मी पाहुणी.
पण खरं सांगायचं तर
इतकी वर्षं त्या गावात मी दुसरी कोण होते?

रात्री दोनला पुन्हा आकडे मांडले.
मधेच दिसलं, कुणीतरी फ्रीजचं दार नीट लावतंय,
हातात उरलेला चमचा उलटासुलटा करून बघतंय,
धुतंय, आणि आमटी ढवळायला घेतंय.
टोपीला तेवढा हात लावू नये तिने.
किंवा लावावा. तिथलं ऊन तिला कुठे माहीत आहे.

उद्या देओलिंदाला विचारायचंय,
बाई भिंतीला खिळे फार ठोकतात का,
तो निळा त्यांना चालेल का,
आणि लिंबं काढली का कुणी.