कार्ड काढू नका

खराडीत आठव्या मजल्यावर माझ्या टेबलावर
सात देश बसतात, प्रत्येकाचं एकेक मशीन,
आणि माझ्या हातात
शाळेत खेळाच्या सरांकडे असायचं तसलं स्टॉपवॉच.
वेळ तशी आपोआप मोजली जाते,
पण माणसाला ती केवढी वाटते तेही बघायचं असतं,
म्हणून अंगठा.

स्वीडनचं मशीन वाक्य पुरं होऊ देत नाही:
घातलं कार्ड, टुंग, घ्या परत.
फ्रान्सचं आधी चिपशी हलक्या आवाजात बोलतं,
मग मान डोलावतं.
ब्राझीलचं विचारतं, किती हप्त्यांत?
अमेरिकेचं रेंगाळतं, रेंगाळतं,
आणि एकदम असं केकाटतं
की कार्ड काढलं नाही तर जणू पोलीस येतील.
आपलं आधी पिन मागतं, मग रेंज शोधतं,
मग "कृपया थांबा" म्हणून
खिडकीबाहेर बघत बसतं.

चिप सगळीकडे तीच, करंगळीच्या नखाएवढी.
फरक असतो तो कुणाला किती विचारायचं याचा.
कुणी दुकानातल्या दुकानात विश्वास टाकून मोकळं होतं,
कुणी चार रुपयांसाठीही
दर वेळी बँकेच्या दारात जाऊन उभं राहतं.
निरंजन म्हणतो, दोन सेकंद काढ.
कुठून काढू, ते सांगत नाही.

शनिवारी रास्ता पेठेत, तांबोळींच्या मेडिकलमध्ये
माझ्यापुढे शालन ढमढेरे,
बाजीराव रोडच्या एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं ट्रंक ऑपरेटर.
(मी विचारलं नव्हतं. त्यांनीच सांगितलं.)
कार्ड घातलं, पिन दाबला,
आणि दोन बोटं कार्डावर ठेवून उभ्या राहिल्या,
नाडी बघावी तशा.
सवयीनं मी मनात मोजायला लागले.

चार. तांबोळी म्हणाले, गुडघा काय म्हणतो?
सहा. गुडघा म्हणतो, जिना नको.
नऊ. रात्रीची अर्धीच घ्या, पूर्ण घेतली की पाय सुजतात तुमचे.
अकराला त्या माझ्याकडे वळल्या:
"लंडन लागायला अख्खी दुपार जायची.
लायनीवर राहा, म्हणायचे मी, आणि लोक राहायचे.
एक बाई स्वेटर विणत बसायची.
एकदा बाही पुरी झाली, तेव्हा कॉल लागला."
चौदा.
"गळा राहिला होता."
सतरा. मशीननं जीभ दाखवावी तसा
कागद बाहेर काढला:
नामंजूर.

रांगेत कुणी काही बोललं नाही.
मागच्यानं घड्याळ पाहिलं. मी तर आधीपासूनच बघत होते.
पेन्शन एक तारखेला, आज एकोणतीस.
पण गोळ्यांची पिशवी तांबोळींनी केव्हाच पुढे सरकवली होती,
मशीन अजून थांबा म्हणत होतं तेव्हाच.
वहीसुद्धा उघडली नाही.
नुसती मान हलवली, आणि ती इतक्या पटकन
की मला अंगठा दाबता आला नसता.
माझ्या तक्त्यात याला रकानाही नाही.

नामंजूरच्या पावतीला चार घड्या घालून
शालनताईंनी ती चष्म्याच्या डबीत ठेवली.
"हिशेबाला लागते."
मग बाजूला सरकल्या,
काउंटरवरची पिशवी उचलली, आणि मला म्हणाल्या,
"घाला तुमचं.
लाइन मोकळी आहे."