बिदियातल्या घराची फरशी

पन्नास बैसांचं नाणं घेऊन मी रांगते आहे
बैठकीच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत,
एकेक फरशी ठोकत.
टक्, भरीव. टक्, भरीव. ठब्ब.
पोकळ वाजेल तिच्यावर खडूची फुली.
शनिवार दुपारपर्यंत एक्केचाळीस फुल्या
आणि गुडघ्यांवर बारीक वाळू,
सकाळीच झाडलेली.

श्रीरंग वहीत लिहितो:
चार वीस गुणिले पाच दहा,
कापताना फुटतील म्हणून दहा टक्के वर.
आणि समासात, बारीक अक्षरात:
घर आपलं नाही.

हे तो दर दोन वर्षांनी म्हणतो,
व्हिसा वाढून आला की त्याच आठवड्यात.
भिंतीला खिळा नको, घर आपलं नाही.
माळा कशाला, घर आपलं नाही.
कढीपत्ता कुंडीतच असू दे.
अकरा वर्षं झाली.
कढीपत्ता कुंडीच्या बुडातून केव्हाच खाली गेलाय.

इब्राच्या दुकानात बेबीचननं
लाकडासारखं दिसणारं व्हिनाइल उलगडलं,
वर हात फिरवून म्हणाला, पंचवीस वर्षांची गॅरंटी.
आम्ही दोघं एकदमच हसलो.
किंमत ऐकून हसलो असं वाटून
त्यानं मीटरमागे दोनशे बैसा कमी केले.

शफिउल मिस्त्रीनं मात्र मान हलवली.
जुलैत तुम्ही गावी, एसी बंद,
हे पापडासारखं फुगेल.
टाइलच घ्या. वाळूच्याच रंगाची,
म्हणजे वाळू आली तरी कळायची नाही.
आणि दोन खोकी जास्तीची ठेवा,
नंतर हा रंग मिळत नाही.
नंतर, असं तो अगदी सहज म्हणाला.
मी श्रीरंगकडे पाहिलं नाही.

मालक हमूद अल-हजरी संध्याकाळी आला,
पायताण बाहेर काढून फुल्या ओलांडत.
टाइल माझी, मजुरी तुमची, एवढं दुसऱ्या कपाला ठरलं.
तिसऱ्या कपानंतर त्यानं फिंजान हलवून परत दिला.
मागची कोठीची खोली मोजलीत का?
मोजली. तीन गुणिले दोन दहा.
मग तो बराच वेळ खजुराच्या बियाच
बशीत एका ओळीत लावत बसला.

दुसऱ्या दिवशी शफिउलनं तिथली कोपऱ्यातली फरशी उचकटली
आणि मला हाक मारली.
खाली सिमेंट नव्हतं.
खाली पन्हळी होत्या, बोटभर खोल,
एकीला लागून एक, शेताच्या सऱ्यांसारख्या,
सगळ्या एका खड्ड्याकडे निघालेल्या.

मदबसा, हमूद फोनवर म्हणाला.
आईची खोली. खजुराची पोती इथे छतापर्यंत रचायची,
वरच्यांच्या भारानं खालची पाझरायची,
खड्ड्यात घडा ठेवलेला असायचा.
पहिला भाडेकरू आला तेव्हा मीच झाकली.
त्याला सपाट जमीन हवी होती.

म्हणजे मुंग्या.
अकरा उन्हाळे त्या ह्याच खोलीत यायच्या
आणि मी साखरेच्या डब्यांना बोल लावत होते.

शफिउल तांब्याभर पाणी घेऊन आला.
वरच्या टोकाला ओतलं.
आम्ही तिघं भिंतीला पाठ लावून पाहत राहिलो:
पाणी कुठे थांबलं नाही, कुठे फुटलं नाही,
पन्हळीपन्हळीतून काळोखात गेलं
आणि खड्ड्यात पडल्याचा आवाज आला.
असा उतार, तो म्हणाला,
मला लेव्हल लावूनसुद्धा मोरीत काढता येत नाही.

श्रीरंगनं वही उघडली.
वजा, तीन गुणिले दोन दहा.
पेन्सिल समासापाशी जरा रेंगाळली,
मग त्यानं तिथे मिस्त्रीचा नंबर लिहिला.

टाइलचा ट्रक मंगळवारी येतो म्हणालेत,
म्हणजे गुरुवारी.
तोवर रात्री पाणी प्यायला उठलं
की अंधारातही आमचे पाय
फुल्या चुकवत चालतात.