तिसरं कडवं

आमच्या रेडिओचं एकच बटण धड होतं,
तेही आईच्या बोटांचंच ऐकायचं.
कोत्का बंदरावर दुपारीच अंधारून आलं
की फर्माइशींमध्ये हमखास ते गाणं लागायचं.
आधी अकॉर्डियनचा लांबलेला श्वास,
मग एका बाईचा जाडसर, सर्दी झाल्यासारखा आवाज.

पहिल्या कडव्यात आगगाडी सुटते.
दुसऱ्यात तो सांगतो, फाटकापाशी उभी राहू नकोस, गारठशील,
खिडकीत दिवा तेवढा ठेव.
मग गायिका तिसऱ्यासाठी श्वास घ्यायची,
तेवढ्यात
खट्.

आई पदराविना डोळे पुसणारी बाई नव्हती,
पदरच नव्हता तिला, आणि डोळे कोरडेच असायचे.
ती परत बटाटे सोलायला बसायची,
साल एकसंध, न तुटता, बादलीत उतरायची.

बाप आघाडीवर गेला तेव्हा मी पोटात होते.
चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात तो परत आला,
खिळे ठोकलेल्या पेटीतून,
आणि पेटी उघडायची नाही असा पाद्रीबाबांचा निरोप होता.
तेव्हा मी ठरवून टाकलं:
तिसऱ्या कडव्यात तो मरत असणार.

पुढे पेपर मिलच्या नाचाला बँड ते वाजवायचा,
दुसरं कडवं सरत आलं की माझे पाय दाराकडे वळायचे.
रायमोला वाटायचं, हिला मोकळी हवा लागते.
याच समजुतीवर त्यानं माझ्याशी लग्न केलं,
आणि चाळीस वर्षं घरातल्या खिडक्या
किलकिल्या ठेवल्या. बर्फातसुद्धा.

आई एक्याण्णवाव्या वर्षी गेली, नोव्हेंबरात.
कॉफीला माणसं जमली होती,
नातवानं, ओस्कारीनं, फोनवर गाणं शोधलं आणि लावलं.
त्याला कुणी सांगितलंच नव्हतं कुठे थांबायचं ते.

तर तिसऱ्या कडव्यात तो विचारतो,
तांबडी गाय व्याली का?
काकाची दाढ काढली का?
माझे बूट कुणाला वापरायला देऊ नकोस.
मागे वाजवणाऱ्यांपैकी कुणीतरी फिसकन हसतो.
संपलं.

साठ वर्षं मी एका गायीला भीत होते.

वृद्धाश्रमात साइमीला जाऊन विचारलं.
आईची मैत्रीण, चौऱ्याण्णवची, कानांनी गेलेली,
पण त्या फलाटावर होती ती.
म्हणाली, अगं, आर्मासला शब्द कुठे पाठ असायचे!
गाडीच्या दारात लोंबकळत
तिसऱ्याला तोंडाला येईल ते म्हणत सुटला,
सगळा डबा हसला.
लेम्पी तर इतकी हसली, इतकी, की
हात हलवायचा राहूनच गेला तिचा.

मग थोड्या वेळानं, बिस्किट कॉफीत बुडवत,
खरे शब्द कानावर पडले असते ना,
तर त्याचे पुसले गेले असते.

काय म्हणाला होता तो?

साइमीनं डोळे मिटले.
मला वाटलं झोप लागली.
कुत्र्याचं काहीतरी होतं, ती म्हणाली.
तुमच्याकडे तर कुत्रा नव्हताच.

काल ते पुन्हा लागलं.
आता क्वचितच लागतं,
निवेदिका पोरसवदा, गाण्याचं साल सांगताना अडखळली.
खाडीत बर्फ फोडणारी बोट कडाकडा चालली होती,
माझे हात पिठात होते.
आगगाडी सुटली. दिवा खिडकीत ठेवून झाला.
गायिकेनं श्वास घेतला,
आणि मी कोपरानंच
खट्.

बटणाला पीठ लागलं, ते तसंच आहे.
एका कडव्याएवढी शांतता उरली स्वयंपाकघरात.
मी खिडकीबाहेर पाहिलं नाही.
पण फाटकापाशी, गारठ्यात,
कधीच नसलेला आमचा कुत्रा
शेपटी आपटत बसला होता.