डावीकडचा उजेड

पारोळ्याच्या नगरपालिकेत, उत्तरेच्या भिंतीवर,
सत्तावन सालापासून सात माणसं बसून आहेत.
काळे कोट. मे महिन्यात, पारोळ्यात, काळे कोट!

हिलाल भावसारनं ते उचलले
ड्रॉइंग मास्तरांच्या पुस्तकातल्या एका पानावरून:
हॉलंडातलं कुठलंसं गाव, तेव्हाच दोनशे वर्षं जुनं,
अनाथालयाचे कारभारी टेबलाभोवती,
ज्यानं त्यानं आपापल्या तोंडाचे पैसे भरलेले.
चित्रकाराचं नाव पानाच्या घडीत गेलेलं.

हिलालला हिशेब पटला.
घरात लुगडी रंगवायची ती वारावर,
माणसं रंगवायची तर अंगावर:
अख्खं पंचवीस, कमरेपर्यंत पंधरा, नुसतं डोकं नऊ.
"आप्पा, जितला पैसा तितलं आंग."

म्हणून पुसाराम शेठ बुटांसकट आहेत,
धोंडू वकिलांचा पंजा कायद्याच्या पुस्तकावर
(पंजाचे दोन रुपये वेगळे),
आणि तय्यबअली, ज्यांची जिनिंग त्याच साली जळाली,
दोघांच्या खांद्यांमधून नुसते बघतात.
मागे दारात शिपाई बारकू, तांब्या घेऊन.
त्याचे पैसे कोणी भरले, फाइलमध्ये नाही.

फाइलमध्ये आहे बाकी, एकतीस रुपये,
आणि वकिलांची हरकत, निळ्या शाईत:
चित्रात उजेड डावीकडून पडतो.
सभागृहात डावीकडे भिंत आहे.

हिलालला बोलावलं म्हणे.
"उजेड कथाईन उना?"
"खिडकीमाइन."
"खिडकी कोठे शे?"
"व्हई."

जुन्या हेडक्लार्कनं सांगितलेलं; खरंखोटं तो जाणे.

सत्याऐंशी साली कूलरसाठी ती भिंत फोडली.
दोन उन्हाळे चालला, मग मोटार गेली,
मग एका रात्री कूलरच गेला.
भगदाड राहिलं. त्याला जाळी मारली.

मी वसुलीची. जागा नाही म्हणून टेबल सभागृहातच.
पाचच्या सुमाराला घरपट्टीच्या पावत्या मोजताना
जाळीतून ऊन आत येतं,
दिवसभर कातडं सोलणारं हे आमचं ऊन
त्या घटकेला दुधावरच्या सायीसारखं,
आणि नेमकं तिथंच टेकतं
जिथं त्यानं आधी ठेवून दिलेलं:
वकिलांच्या नखावर, दौतीच्या काठावर,
सगळ्यात जास्त बारकूच्या तांब्यावर.
मोजणी चुकते माझी. पुन्हा पहिल्यापासून.

ते एकतीस रुपये अजून वहीत आहेत.
दर मार्चला मी पुढे ओढते.