नाडी

पाषाणच्या लॅबमध्ये, तिसऱ्या मजल्यावर,
सोन्याचा थर चढवलेल्या पट्टीवर
मी एक थेंब ठेवते आणि वाट बघते.
सात मिनिटं.
पट्टी चिंचोक्याएवढी, यंत्र चष्म्याच्या डबीएवढं.
उद्या ते झोळीत बसून वेल्ह्याला जाईल,
अंडाशयात काही दबा धरून असेल
तर ते बोलायच्या आधी ओळखेल.
असं प्रस्तावात लिहिलंय.
मीच लिहिलंय.

थेंबांना नावं नसतात.
पी-एकवीस, पी-बावीस.
निरोगी नमुना म्हणून माझंच रक्त, दर सोमवारी.
पाळीच्या आठवड्यात माझ्याही आलेखाला
उगाच एक टेकाड येतं,
आणि वेताळ टेकडीवरून मुरूम सुटतो तशा वाटेने
मी नजर जपून खाली उतरवते.
यंत्राला अजून कळत नाही
कुठलं दुखणं, आणि कुठला नुसता महिना.

सिंकपाशी हेमलता घुले.
चौदा वर्षं आमची काचेची भांडी धुते,
बीकरला पेला म्हणते.
म्हणाली, मॅडम, हल्ली दोन घासांत पोट भरतं.
मी म्हटलं, ॲसिडिटी असेल.
हो, मीच म्हटलं. मान वर न करता,
पिपेटमधला बुडबुडा काढत.

ओवा झाला. हिंग झाला.
सुतारवाडीच्या डॉक्टरची गुलाबी गोळी झाली.
"चाळिशीनंतर पोट सुटायचंच",
हे घरच्यांचं औषध, तेही झालं. फुकट असतं.

मग एका दुपारी, स्टोअररूमच्या दाराआड,
निऱ्या सावरता सावरता
तिने परकराची नाडी दाखवली.
गणपतीतल्या गाठीची चुणी इथे, मळकी.
दिवाळीतली इथे.
आताची गाठ अगदी टोकाला,
बसेल न बसेल अशी.
"हात बघा, बांगड्या निसटतात.
मग एकटं पोटच कुठून खातंय?"

तुळशीबागेत दहा रुपयांना मिळते नाडी.
चार्ज करावी लागत नाही.
सहा महिने ती रोज आकडा देत होती
माझ्यापासून आठ पावलांवर,
आणि नाडी बघणं म्हणजे मनगट धरणं
इतकंच मला ठाऊक.

यंत्र टेबलावर तयार होतं.
पण समितीची परवानगी नमुन्यांपुरती,
माणसांपुरती नाही.
मी डबी मिटली. हातमोजे काढले.
हेल्मेट एकच होतं, ते तिला दिलं.
औंधच्या सोनोग्राफीवाल्याकडे जाताना
परिहार चौकाच्या सिग्नलला
मागून तिने विचारलं,
"पेले तसेच राहिले ना हो?"

रिपोर्टबद्दल इथे लिहिणार नाही.
तो तिचा आहे, आणि तिला नाव आहे.
सिंकपाशी सध्या बदलीची बाई असते,
ती पाणी जास्त सोडते.
हजेरीत मी हेमलतापुढे 'रजेवर' लिहिते,
आणि पुढच्या पानावर तिचं नाव आधीच उतरवून ठेवते.

नव्या प्रश्नावलीत एक प्रश्न घातलाय, अकरावा:
गेल्या तीन महिन्यांत परकराची नाडी किती सरकली?
समितीचा शेरा आला,
मोजमापाचं एकक नमूद करावं.

मी लिहिलं:
बोट.