पहाटे तीनची चढण

पहाटे तीनला प्रवाहमापकाची सुई वर चढते.
रमझान. गाव सहरीला उठलं असणार,
भांडी विसळली असतील, वजू केली असेल,
कुणाच्या तरी पोरानं उगाच नळ सोडून ठेवला असेल.
ते सगळं उतारानं, तीन तळ्यांत साका टाकत, निवळत
अकरा दिवसांनी माझ्यापर्यंत येईल.

मी इत्तो. वर्झाझातच्या वेशीबाहेर
शेवाळ राखते,
मामा शेळ्या राखायचा तशी.

चाकं फिरती ठेवायची, एवढंच काम.
पाणी थांबलं की हिरवं तळाशी बसतं, कुजतं.
हललं की ज्याच्या त्याच्या वाट्याला
थोडं ऊन, थोडी सावली.
नुसत्या उन्हानंही ते मरतं,
हे मला इथं येईपर्यंत ठाऊक नव्हतं.

"हात धुतलेस?" भाऊ विचारतो.
दोनदा, हमू.
तरी ताजीनच्या एकाच थाळीत
आमच्या दोघांमध्ये एक बटाटा
सरहद्दीसारखा उरतो.

प्रयोगशाळेतून फतीहाचा कागद आला:
वाळवलेल्या शंभर भागांत त्रेपन्न भाग प्रथिनं.
मसुराच्या दुप्पट!
खाली शिक्का: माणसांसाठी नाही. कोंबड्यांसाठी.
मी फडक्यावरचा हिरवा लगदा खरवडला,
बोट नाकाशी नेलं.
ओल्या गवताचा वास. दुसरा कसलाच नाही.
शिक्का आठवला, बोट पुसलं.

मागच्या उन्हाळ्यात एक तळं रातोरात गेलं.
हिरवं होतं, सकाळी चहाच्या चोथ्यासारखं.
भिंगाखाली काचेचे इवलाले जीव,
तोंडाशी भिरभिरती चक्रं, आणि खा खा खात सुटलेले.
मी त्यांना शिव्या दिल्या.
मग वाटलं, उपाशी होते. अन्न दिसलं. आले.
तळं उपसायला चार दिवस लागले,
तेव्हा मात्र पुन्हा शिव्या दिल्या.

हमूच्या दुकानात हल्ली अंडी टिकत नाहीत.
बलक बघ, म्हणतो गिऱ्हाइकाला, जर्दाळूसारखा!
पेंड कुठली, तो विचारत नाही.
मीही सांगत नाही.
कधीतरी सांगेन. बटाटा संपला की.

सुई अजून वरच आहे.
खाली गावात, दिवे लागलेल्या कुठल्याशा घरात
हमूनं अंडं फोडून भाकरीला लावलं असेल.
बलक बोटांना चिकटतो, लवकर सुटत नाही.
तो हात धुतोय.