शेवटचा आकडा

वार्षिक सभेला आम्ही पाच जण,
सहावा कुत्रा, बाकाखाली झोपलेला.
मी खजिनदार, म्हणून उभा राहून वाचलं:
प्रचारासाठी शिल्लक, चार हजार शिलिंग.
अपोंडी हसली. म्हणाली,
चांदणं नसलेल्या एका रात्रीत
माझ्या ओमेनाच्या पाट्या याहून जास्त आणतात.

आमचं काम सांगायला सोपं, गळी उतरवायला अवघड:
सरोवराकाठच्या पोरांना पोहायला शिकवायचं.
यांचे बाप रात्री दिवे घेऊन पाण्यावर जातात,
आणि बापांनाही पोहता येत नाही.
जॅकेटं परवडत नाहीत, म्हणून रिकाम्या बाटल्या
दोरीत ओवून काखेखाली बांधतो.
नोंदणीपत्रावर संस्थेचं नाव दोन ओळींचं आहे.
किनाऱ्यावर आम्ही नुसते बाटलीवाले.

नैरोबीहून एक तरुण आला, फुकट सल्ला द्यायला,
बूट हातात धरून वाळूतून चालत.
भला मुलगा. म्हणाला, तुमच्याकडे गोष्ट आहे, चेहरा नाही.
मागच्या वर्षी बुडाला त्याचा फोटो असेल ना?
गणवेशातला. हसरा असला तर उत्तम.
एका फोटोने देणग्या तिप्पट होतात.

अपोंडी मासे निवडत होती, निवडत राहिली.
फक्त एरवी मूठ भरून उचलते
ते आता एकेक.
ओटोयो तिच्या बहिणीचा.

वहीत ठराव लिहिला: फोटो नाही.
कारणाच्या रकान्यात काय लिहावं कळेना,
तो रकाना अजून कोराच आहे.

मग तीन हजारांत हजार पत्रकं,
उरलेल्यात निळा रंग, दोन होड्यांच्या कडांना पुरेल एवढा.
पत्रकं आली आणि दिसलं
फोन नंबरातला शेवटचा आकडा चुकलाय.
एकाच्या जागी सात.
एकतीस वर्षं मी गणित शिकवलं,
आणि छपाईआधी तपासणारा मीच.

रात्री बसून एकशे बारा दुरुस्त केली, पेन संपलं.
बाकीची अपोंडीने नेली, मासे बांधायला.
म्हणाली, कागद कागदच असतो, गुरुजी.

शनिवारी उंबराखाली एकोणीस पोरं.
पुढच्या शनिवारी चौतीस, त्यांत अकरा मुली.
एक आजी विचारू लागली,
तो फोनवरचा भला माणूस कुठाय,
डोंगराकडचं बोलणं असलेला?

मी माझाच चुकलेला नंबर लावला.
पलीकडे कात्रीचा आवाज.
एल्डोरेटचा किबेट, न्हावी. सरोवर कधी पाहिलेलं नाही.
पहिल्या दिवशी म्हणायचो राँग नंबर, तो सांगू लागला,
तिसऱ्या दिवशी एका बाईला विचारलं, आहे तरी काय हे?
तिने पत्रक वाचून दाखवलं.
जागा, वार, वेळ सगळं होतंच की त्यावर.
लोकांना एवढंच हवं असतं,
खरंच फुकट आहे का, आणि मुलगी चालेल का.
मी हो म्हणतो. बरोबर ना?

किती फोन आले?
एकशे चाळीस. गिऱ्हाईक ताटकळतं थोडं.

अहो, मग आम्हाला कळवायचं.
कसं कळवणार, तो म्हणाला,
तुमचा नंबर पत्रकावर नव्हता.

यंदा शिल्लक तीन हजार सहाशे.
नवी पत्रकं छापायची, आकडा सुधारावा का,
यावर सभेत बराच वाद झाला. कुत्राही उठून गेला.
अपोंडीची बहीण दारापर्यंत आली होती,
आत आली नाही, पाण्याकडे पाठ करून उभी राहिली.
तिला कुणी काही विचारलं नाही.
निर्णय पुढच्या सभेवर.

डिसेंबरात किबेट आला, मटाटूने, दुकान बंद ठेवून.
काखेखाली आम्ही आठ बाटल्या बांधल्या,
माणूस जाडजूड, चार पुरल्या नसत्या.
कमरेपर्यंत गेला आणि थांबला.
पोरं ओरडत होती, सोडा, पाय सोडा!
तेवढ्यात त्याचा फोन वाजला.
एक हात उंच, पाण्याच्या वर,
डोळे घट्ट मिटलेले,
आणि तो मोठ्याने सांगत होता,
हो, फुकट. हो, मुलीसुद्धा.
जुना टॉवेल तेवढा आणा.